विचारणारीही मीच

पँटच्या मागच्या खिशातून वस्तू काढताना किती त्रास होतो, हा प्रश्न खांदा दुखणाऱ्या माणसांना जगभर विचारला जातो. 'स्पाडी' नावाच्या प्रश्नावलीतला तो शेवटचा प्रश्न. एकूण प्रश्न तेरा : पाच वेदनेचे, आठ हालचालींतल्या अडचणींचे. ही प्रश्नावली 1991 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. सुरुवातीला ती तपासली गेली 37 रुग्णांवर, आणि ते सगळे पुरुष होते. त्यामुळे त्या खिशाबद्दल मला तक्रार नाही. तो त्यांच्या अंगावर होताच. मला विचारायचं आहे ते मलाच. गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या धारगळच्या, विर्नोड्याच्या, ओझरीच्या बायका खांद्याला हात लावून माझ्यासमोर बसतात, मी फॉर्म पुढे ओढते, प्रश्न वाचते आणि त्यांच्या उत्तराचा आकडा करून लिहिते. तो आकडा त्यांचा असतो की माझा?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खांदा आखडणं हे आमच्याकडे रोजचं दुखणं. चाळिशी ते साठीतली माणसं, त्यांत बायका अधिक, आणि मधुमेह असलेल्यांत तर विचारूच नका. एकूण लोकांत शंभरात दोन ते पाच जणांना हे दुखणं होतं असं मानतात, मधुमेहींत ते प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. 2023 मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं गोव्यात : 26.4 टक्के. म्हणजे प्रौढांत चारातला एक. माझ्याकडे येणाऱ्या बाईच्या पिशवीत साखरेच्या गोळ्यांची पट्टी असतेच, हे मी आता गृहीत धरून चालते.

कोनमापक लावला की हात किती अंश वर जातो ते कळतं. पण त्या बाईला अंश नको असतात. तिला अंबाडा घालायचा असतो, फळीवरचा डबा काढायचा असतो, रात्री त्या कुशीवर झोपायचं असतं. काही वेळा अंश वाढतात आणि झोप तशीच उडालेली राहते. म्हणून तर या प्रश्नावल्या निघाल्या. डॉक्टरच्या नजरेला जे दिसतं त्याच्या बरोबरीने रुग्णाच्या तोंडच्या शब्दाला वजन मिळावं, ते मोजलं जावं, अभ्यासात धरलं जावं. हा विचार मला मनापासून पटतो. म्हणूनच त्याची हेळसांड होते तिथे बोचतं.

प्रश्नावली एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायची तर त्याची रीत ठरलेली आहे. 2000 साली बीटन आणि सहकाऱ्यांनी ती लिहून काढली, आणि आजही बहुतेक लोक तिच्यावरच चालतात. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं. एकाला विषय माहीत हवा, दुसऱ्याला माहीत नसावा. मग दोन्ही मसुदे जुळवायचे. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दुसऱ्या दोघांनी ते उलट मूळ भाषेत आणायचं. मग तज्ज्ञांच्या समितीने बसून फरक पाहायचे आणि शेवटी तीस-चाळीस रुग्णांना विचारून बघायचं, तुम्हाला यातून काय समजलं? केवढी काळजी आहे ही. जपानने तर दोन्ही वाटा धरल्या. तिथल्या हस्तशल्यचिकित्सकांच्या संघटनेने 'डॅश' ही तीस प्रश्नांची प्रश्नावली जपानीत आणून 2005 मध्ये तिची परीक्षा प्रसिद्ध केली. शिवाय खांद्याच्या तज्ज्ञांनी स्वतःची वेगळी 'शोल्डर 36' बनवली : छत्तीस प्रश्न, सहा भाग, त्यात वेदना, हालचाल, ताकद यांच्याबरोबर तब्येतीची एकूण जाणीव, रोजची कामं आणि खेळसुद्धा. दुसऱ्याचं नीट समजून घ्यायचं आणि आपल्या माणसांना काय विचारायला हवं तेही शोधायचं, ही दुहेरी मेहनत मला फार मोलाची वाटते.

मराठीतही काम झालं आहे. स्पाडीचं मराठी रूप आहे, त्याची विश्वासार्हता तपासली गेली आहे. मी हातात घेते तो कागद मराठीच असतो. पण धारगळात त्या कागदापुढे एक टप्पा आणखी असतो, आणि तो कुठल्याही मार्गदर्शिकेत नाही.

पेडणे महाल 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे गेला, पण इथली शाळा, पोथी, कीर्तन, नाटक मराठीतच चाललं. आजही माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या बायका वर्तमानपत्र मराठी वाचतात, हरिपाठ मराठीत म्हणतात. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा राहिली. त्यावरून इथे किती वाद झाले, ते सांगण्याची ही जागा नव्हे. मला दिसतं ते एवढंच : वाचायची भाषा मराठी असलेली बाई दुखतं ते सांगते घरच्या बोलीत. आणि मी छापील मराठी प्रश्न वाचून दाखवला की ती जरा सावरून बसते, पदर नीट करते, आणि परीक्षेत द्यावं तसं उत्तर देते. म्हणून मी कागद खाली ठेवते आणि तिच्याच बोलीत विचारते.

तिथेच गोची होते. कागदावर आहे : पाठ धुताना आपल्याला किती अडचण येते? शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे इतकी की दुसऱ्याची मदत लागते. माझ्या तोंडून निघतं, "फाट घासूंक जमता?" तिचं उत्तर येतं, "जमता गो." कागदाने विचारलं होतं 'किती', मी विचारलं 'जमतं की नाही'. जमतं म्हणाली म्हणून मी दोन लिहायचे की सहा? चौघांच्या भाषांतराने, समितीच्या बैठकांनी, तीस-चाळीस माणसांच्या चाचणीने जे जपलं होतं, ते माझ्या एका वाक्यात वाहून जातं. आणि हे वाक्य कोणी तपासत नाही. फॉर्मवर त्याची खूण उरत नाही. उरतो तो छापील मराठी प्रश्न आणि त्याच्यापुढे माझ्या अक्षरातला आकडा.

आता मी 'जमता' वर थांबत नाही. "जमता, पूण कशें?" असं विचारते, आणि मग खरं बाहेर येतं. कोणी टॉवेल दोन्ही हातांत धरून पाठीवर ओढते. कोणी भिंतीला पाठ घासते. कोणी म्हणते, डाव्या हातान करतां. कोणी म्हणते, सून करता. यातल्या प्रत्येक उत्तराला वेगळा आकडा हवा, आणि डॅशमध्ये तर सूचनाच आहे की कुठल्या हाताने केलं ते पाहू नका, काम करता आलं की नाही ते पाहा. त्यामागे विचार आहे : प्रश्न हाताचा नाही, माणसाच्या कामाचा आहे. पण उजवा खांदा वर्षभर दुखून जिने सगळी कामं डाव्या हातावर नेली, तिचा आकडा सुधारलेला दिसतो, आणि तिने त्यासाठी काय मोजलं ते कुठेच दिसत नाही. सुनेचंही तसंच. घरात सून आहे म्हणून सासूला त्रास 'नाही', आणि शेजारच्या घरात एकट्या राहणाऱ्या बाईला तोच खांदा असून त्रास 'फार'. दोन खांदे सारखे, दोन घरं वेगळी. प्रश्नावली म्हणते, गेल्या आठवड्यात ते काम केलं नसेल तर अंदाजाने सांगा. इथल्या बाईला अंदाजाने सांगायला लावणं कठीण असतं. जे केलं नाही त्याविषयी बोलणं तिला खोटं बोलल्यासारखं वाटतं. तिच्या या प्रामाणिकपणाची मी कदर करते, आणि तरी माझा रकाना रिकामा राहू नये म्हणून तिला ढकलत असते.

कपड्यांच्या प्रश्नांबद्दल मात्र मला घाईने काही म्हणायचं नाही. नेसत्या लुगड्याला मागचा खिसा नसतो, पँट घालण्याचा प्रश्न लागू नाही, समोर बटणं असलेला शर्ट नाही. पोलक्याचे हुक असतात, तेवढं जवळचं. स्पाडीत लागू नसलेला प्रश्न बेरजेतून वगळता येतो, पण तसे फार झाले तर गुणच धरता येत नाही. मूळ शब्दांवर अडून बसलं तर अशी बाई मोजणीबाहेरच जाईल. पण डोक्यावरून घालायचा बनियन किंवा स्वेटर, हा प्रश्न परका वाटला तरी परका नाही. आमच्याकडे घरात बहुतेक बायका दिवसभर मॅक्सी घालतात, ती डोक्यावरूनच घालायची असते, आणि आखडलेल्या खांद्याने मॅक्सीत हात घालणं म्हणजे काय ते मी रोज ऐकते. अमेरिकेत तयार झालेला प्रश्न धारगळच्या न्हाणीघरात बरोबर लागू पडतो. परकं ते सगळं चुकीचं असं मानून बसले असते तर हा प्रश्न मी वाया घालवला असता.

आणि जे विचारलंच जात नाही त्याचं काय? आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ कातणं, म्हणजे खवणं. त्यात हात वर जात नाही, पण खांद्यातून जोर लागतो, आणि आमच्या जेवणात नारळाशिवाय पान हलत नाही. विहिरीचं पाणी ओढणं आता कमी झालं, तरी संपलेलं नाही. काजूच्या हंगामात वाकून बोंडू वेचणं, वेळूच्या टोकाने फांदी ओढणं. स्कूटरचा हँडल, पेडण्यात स्कूटरशिवाय बाईचं चालत नाही, मग ती मुलाला शाळेत सोडणारी असो की बाजारात भाजी नेणारी. देवळातल्या घंटेपर्यंत हात पोचवणं. एका बाईने मला सांगितलं होतं की बाकी कशाचं काही नाही, पण देवळात गेल्यावर घंटा वाजवता येत नाही म्हणून ती हल्ली मागेच उभी राहते. फळीवरचा डबा काढण्याच्या प्रश्नात हालचाल तीच येते, म्हणून शास्त्राच्या दृष्टीने काही राहिलं नाही. तिच्या दृष्टीने सगळं राहिलं.

आकड्यांचंही असंच. शून्य ते दहा ही पट्टी तरुण मुलीला लगेच कळते. जुन्या माणसांना विचारलं की उत्तर येतं आण्यांत. "बारा आणे कमी झालं." "चार आणे अजून आहे." सोळा आण्यांचा रुपया व्यवहारातून जाऊन कित्येक दशकं झाली, पण गुण येण्याचं माप अजून तेच आहे, आणि ते माप नेमकं आहे. बारा आणे कमी म्हणजे पाऊण भाग गेला, पाव राहिला. अडचण एवढीच की ती सांगते ते आधीच्या तुलनेत, आणि पट्टी विचारते सध्याचं. आधी आठ लिहिले असतील तर आता दोन. पण आधीचे आठ तिने दिले होते की मी, हे मला आठवावं लागतं.

डॅशमधला एकविसावा प्रश्न लैंगिक संबंधांविषयी आहे. तीसपैकी तीन प्रश्न रिकामे राहिले तरी गुण काढता येतो, असा नियम आहे. या नियमाने माझी किती सोय केली आहे, हे मी जाणून आहे. मी तो प्रश्न पन्नाशीच्या बाईला विचारला नाही तर कोणी मला जाब विचारणार नाही, गुण निघतो, फाईल पुरी होते. मी स्वतःला सांगत आले की तिला अवघडल्यासारखं होईल. पण खरं पाहिलं तर अवघडणारी बहुतेक वेळा मीच असते. खांदेदुखीच्या बाईला नवऱ्याच्या शेजारी कुठल्या कुशीवर झोपायचं याचा त्रास होतो, तो ती एकांतात, हळू आवाजात, दुसऱ्याच कशाच्या ओघात सांगते. तिला दार उघडं हवं असतं. मी ते लाजेने बंद ठेवलं तर तिच्या दुखण्याचा तो भाग कधीच कुठे लिहिला जाणार नाही. आता मी हा प्रश्न विचारते. पडदा ओढून, सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवून, आणि 'नको' म्हणाली तर तिथेच सोडून. ती 'नको' म्हणाली म्हणून रिकामा राहिलेला रकाना आणि मी विचारलं नाही म्हणून रिकामा राहिलेला रकाना कागदावर सारखेच दिसतात. माझ्यासाठी ते सारखे नाहीत.

सर्वांत जड गोष्ट मात्र वेगळीच आहे. सहा आठवड्यांनी तीच बाई परत समोर बसते. रोज गरम शेक, ताण, भिंतीवर बोटांनी चढण्याचा व्यायाम, कधी कळ येऊन डोळ्यांत पाणी, हे सगळं आम्ही दोघींनी मिळून केलेलं असतं. ती म्हणते, "तुझ्या हाताक गुण आसा, बाय." आणि मग मी फॉर्म काढते. उपचार करणारी मी, विचारणारी मी, लिहिणारी मी. आमच्याकडे उपकार करणाऱ्याच्या तोंडावर 'अजून दुखतं' म्हणण्याची रीत नाही. ती मला वाईट वाटू नये म्हणून कमी सांगणार, हे मला माहीत आहे. आणि तिने कमी सांगितलेलं मला हवं असतं. इथे मला थांबून खरं बोललं पाहिजे. मला ते हवं असतं. डॅशमध्ये साधारण दहा गुणांचा फरक पडला तर रुग्णाला खरोखर फरक पडला असं धरतात, स्पाडीत आठ ते तेरा. सातवर अडलेला फरक अकरावर गेलेला पाहण्याची ओढ माझ्या हातात असते. मी एकाही आकड्यात खाडाखोड करत नाही. त्याची गरजच पडत नाही. "आता बरं आहे ना?" असं विचारलं की काम होतं. 'ना' एवढं एक अक्षर पुरतं.

हे केवळ माझ्या फाइलीपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण आज धारगळ हे फक्त हायवेवरचं गाव राहिलेलं नाही. 11 डिसेंबर 2022 या एकाच दिवशी मोपाच्या विमानतळाचं आणि धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं उद्घाटन झालं. आयुर्वेदात खांदा आखडण्याच्या या दुखण्याला अवबाहुक म्हणतात. नस्य, अभ्यंग, स्वेदन हे त्याचे उपचार, आणि त्यांचा परिणाम मोजायला आजचे अभ्यासकही स्पाडीसारखीच प्रश्नावली हातात घेतात. म्हणजे कुठल्याही पद्धतीचा उपचार असो, शेवटी निर्णय याच प्रश्नांवर आणि याच बायकांच्या उत्तरांवर होणार. पेडण्यातल्या बाईने भिडेखातर दिलेलं 'जमता' उद्या एखाद्या तक्त्यात बसेल, आणि त्या तक्त्यावरून ठरेल की दुसऱ्या कुठल्या तरी बाईला कोणता उपचार द्यायचा, किती दिवस द्यायचा आणि कधी थांबवायचा. त्या दुसऱ्या बाईला मी कधी भेटणार नाही. तिच्याशीही माझं देणं आहे.

म्हणून काही गोष्टी मी बदलल्या आहेत. मी ज्या खांद्यावर काम करते त्याचा सहा आठवड्यांचा फॉर्म मी भरत नाही. माझी सहकारीण भरते, मी तिच्या रुग्णांचा भरते, आणि त्या वेळी उपचार करणारीने खोलीत थांबायचं नाही. जिला वाचता येतं तिच्या हातात कागद द्यायचा आणि वेळ द्यायचा, पाठीमागे रांग लागली असली तरी. बोलीत विचारायचे प्रश्न आम्ही दोघींनी बसून एकदाच लिहून काढले, 'किती' चा 'जमतं का' होणार नाही असे, आणि आता त्या शब्दांपलीकडे जायचं नाही असं ठरवलं. हे भाषांतर रीतीप्रमाणे झालेलं नाही, उलट भाषांतर नाही, समिती नाही, म्हणून फॉर्मच्या कोपऱ्यात 'बोलीत विचारले' असं स्पष्ट लिहितो. त्याने आमचा आकडा कोणाला कमी भरवशाचा वाटला तर वाटू दे. तो तितक्याच भरवशाचा आहे.

आणि कागदाच्या मागच्या बाजूला आम्ही एक ओळ मोकळी सोडतो. तिथे ती बाई स्वतः सांगेल ते काम लिहायचं, जे तिला परत करायचं आहे. कोणी नारळ सांगते, कोणी स्कूटर, कोणी नातवाला उचलणं. त्या ओळीला गुण नाही, ती बेरजेत धरत नाही, कुठल्या अभ्यासालाही ती उपयोगाची नाही. गेल्या खेपेला एका काकीने तिथे काहीच सांगितलं नाही. खांदा बरा झाला की सगळी कामं परत तिच्याच अंगावर येतील, आता जरा सून करते आहे तर बरं चाललं आहे, असं ती म्हणाली. माझ्या मनात आलं, व्यायाम करायला लावण्यासाठी हिला काहीतरी ध्येय द्यायला हवं, आणि मी तिला दोन-तीन कामं सुचवायला लागले. सहकारिणीने माझ्याकडे पाहिलं. मी ओळ कोरीच ठेवली, काकीने सांगितलं तेच शब्द खाली लिहिले, आणि पुढच्या आठवड्यात तिच्या सुनेलाही बरोबर आणायला सांगितलं.